नंबर नसलेला दिवस

अमृतरावांना देवला खरा किती माहीत होता, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी मान खाली घालून 'फारसा नाही' एवढंच सांगितलं असतं. त्यांनी बरीच वर्षं त्याच्या जीपची सीटं शिवली, दर साली त्याच्या शेजारी बसून ते धरणावरच्या बागेत गेले, त्याच्या हातचं मटण खाल्लं. पण त्याच्या आईचं नाव काय, एवढा राग त्याच्या अंगात येतो कुठून, आणि राग उतरल्यावर तो एकटा असताना काय करतो, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना ठाऊक होती ती त्याची सीटं.

वारंगा फाट्यावर अमृतरावांचं दुकान होतं. दुकान कसलं, लिंबाखाली एक पत्र्याची टपरी, त्यात जाड सुईचं मशीन, रेक्झिनच्या गुंडाळ्या, फोमचे तुकडे आणि दाभण. फाट्यावरून चारी दिशांना काळ्या-पिवळ्या जीपा सुटत. त्यांची सीटं फाटली की ती अमृतरावांकडं येत. माणूस बोलायला बुजरा, गिऱ्हाइकाशीही नजर चोरून बोलणारा. पण फाटलेल्या सीटवर हात फिरवला की गाडीत काय घडलं ते त्यांना कळायचं. विडीनं पडलेलं भोक गोल असतं. पिशवीतल्या कोंबड्यानं नखं मारली तर ओरखडे तिरपे उठतात. आणि चाकू लागला तर रेक्झिन सरळ उघडतं, आतला फोम तेवढा जराशी जीभ काढल्यासारखा दिसतो. असे सरळ चिरे देवलाच्या जीपमध्ये सगळ्यांत जास्त होते.

देवला साखऱ्याकडच्या तांड्यावरचा. रुंद खांदे, आखूड मान, आणि हात असे की स्टिअरिंग त्यांत खेळण्यातलं वाटावं. त्याच्या आज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. बाप कोरडवाहू रानात राबून वाकला. देवला आधी क्लीनर झाला, मग ड्रायव्हर, मग एका जुन्या जीपचा मालक.

"आजा बैल हाकायचा, मी जीप हाकून राहिलो," तो म्हणायचा. "बैल बरा व्हता काका. त्याला नंबर लावावा लागत न्हाई."

नंबर म्हणजे फाट्याचा कायदा. जी गाडी आधी येईल तिचा नंबर आधी. ती भरेपर्यंत दुसऱ्यानं एकाही सवारीला हाक मारायची नाही, तिच्या गाठोड्याला हात लावायचा नाही. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता. तो पाळला जायचा तो लोखंडाच्या धाकानं. प्रत्येक ड्रायव्हरच्या सीटखाली चाक खोलायची टामी असे, हातभर लांब लोखंडी दांडा, आणि ती नेहमी चाकासाठीच बाहेर निघे असं नाही.

फाट्यावर शिवहार नावाचा एक ड्रायव्हर होता. अंगानं किरकोळ, पण जिभेनं पक्का. एका बाजाराच्या दिवशी देवलाचा नंबर लागलेला असताना त्यानं एका म्हातारीचं गाठोडं उचलून आपल्या जीपच्या टपावर टाकलं. गाठोड्यामागं म्हातारी गेली, म्हातारीमागं तिचं सगळं लेंढार.

"शिवहार, ते गाठोडं खाली घे," देवला म्हणाला.

"म्हातारीच मनली की माझ्या गाडीत बसते मनून. तुझं थोबाड पाहून भेव वाटून राहिलं तिला."

माणसं हसली. ते हसणं संपायच्या आत देवलाची टामी शिवहारच्या खांद्यावर उतरली होती. ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. शिवहार खाली बसला, तर देवलानं त्याला कॉलरला धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, पोटात, तोंडावर. शिवहारच्या तोंडातून रक्ताबरोबर एक दात पडला. सोडवायला गेलेल्या दोघांना त्यानं असं झटकलं की एक जण उसाच्या रसाच्या गाड्यावर जाऊन आदळला. शेवटी दमल्यावर तो आपणहून थांबला. मग जीप मागं घेत घेत अमृतरावांच्या टपरीपर्यंत आणली. सीटवर रक्त होतं. कुणाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"काका, हे पुसून निघंल का?"

"थंड पाण्यानं पूस," अमृतराव मशीनकडं बघत म्हणाले. "गरम पाण्यानं रक्त धरून बसतं."

शिवहारच्या खांद्याचं हाड जुळलं, पण तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली राहिला. त्यानंतर तो देवलाच्या वाटेला गेला नाही. फक्त लांबून पाहायचा.

अशा त्या फाट्यावर वर्षातून एक दिवस नंबर नसायचा. दसऱ्याला गाड्या धुऊन, हार घालून, बोनेटवर कुंकवाचे पंजे उमटवून झाले की दुसऱ्या दिवशी एकही गाडी सवारी घेत नसे. सगळे ड्रायव्हर आपापली बायकापोरं जीपमध्ये घालून औंढ्याला जात, नागनाथाचं दर्शन घेत, आणि तिथून पुढं डोंगराच्या कुशीतल्या एका धरणावर. तिथं भिंतीच्या अलीकडं बाग होती. अमृतरावांना स्वतःची गाडी नव्हती, पण सगळ्यांची सीटं त्यांनीच शिवलेली. म्हणून त्यांना आणि त्यांच्या बायकोला, चतुराबाईंना, कुणी तरी घेऊन जायचंच. ते कुणी तरी म्हणजे दर साली देवला. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या जीपचं डावीकडचं पुढचं दार नीट लागत नसे. अमृतराव ते हळूच ओढत, आणि दर साली देवलाला सांगावं लागे, "काका, जोरात ओढा. दार हाय ते, लेकरू न्हाई." मग ते पुन्हा हळूच ओढत. मग देवला त्यांच्या अंगावरून हात घालून धाडकन ओढून घेई.

त्या बागेची आठवण झाली की अमृतरावांना अजूनही आधी वास येतो: तळलेल्या मासोळीचा, ओल्या शेवाळाचा, आणि झेंडूच्या हारांतून येणाऱ्या डिझेलचा. फाटकाजवळ सिमेंटचा एक जिराफ होता, त्याची मान पोरांनी चढून चढून गुळगुळीत केली होती. कारंजं बहुतेक बंदच. चालू असलं की बायका त्याच्याभोवती उगाच उभ्या राहत. पाण्यावर पायानं चालवायच्या बदकाच्या होड्या होत्या. चतुराबाई आणि देवलाची बायको रुख्मिणीबाई, दोघी एका होडीत बसत आणि मधोमध गेल्यावर पाय उचलून घेत, म्हणजे होडी आपोआप गिरक्या घेई. रुख्मिणीबाईच्या ओढणीवरचे आरसे उन्हात लखलखत. देवलाची पोरगी शीतल काठावरून टाळ्या पिटायची. देवला चुलीपाशी उकिडवा बसून बोकडाच्या मटणाला फोडणी द्यायचा. तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडं पाहून कुणाला खरं वाटलं नसतं की याच हातानं माणसाचं हाड मोडलं आहे.

पण तो हात तोच होता. एका साली परतीच्या वाटेवर हे सगळ्यांना दिसलं. शीतलची एक चप्पल होडीत राहिली होती. एवढीच गोष्ट. जीप चालू असताना देवला मागं वळला आणि त्यानं रुख्मिणीबाईच्या तोंडावर हाताच्या पाठीनं मारलं. तिचं डोकं हुडाच्या लोखंडी कमानीवर आपटलं. पुन्हा मारलं. जीप रस्त्याच्या कडेला गेली, खडीवर घसरली, पुन्हा वर आली. शीतल ओरडली नाही. तिनं फक्त दोन्ही कान झाकून घेतले, सवय असल्यासारखे.

"गाडी थांबव," चतुराबाई म्हणाल्या.

"काकू, हा आमच्या घरातला मामला हाय."

"थांबव मनलं ना! मुडद्या, त्या बाईच्या कानातून रक्त येऊन राहिलं, आन् तू चपलेचा हिशोब करतूस?"

जीप थांबली. चतुराबाई उतरल्या, रुख्मिणीबाईला आणि पोरीला उतरवलं, आणि तिघी रस्त्यानं चालू लागल्या. अमृतरावही उतरून त्यांच्या मागं गेले. मागून येणाऱ्या दुसऱ्या जीपनं त्यांना घेतलं. रुख्मिणीबाई तांड्यावर गेलीच नाही. तिनं तशीच पुसदकडं माहेरची वाट धरली. तिला त्या कानानं पुढं कमीच ऐकू यायचं.

मग तांड्याची पंचायत बसली. तिला ते नसाब म्हणतात. तांड्याचा नायक फुलसिंग, पांढऱ्या मिशांचा, फार न बोलणारा म्हातारा. त्यानं दोन्हीकडचं ऐकलं आणि देवलाला सेवालाल महाराजांच्या पांढऱ्या झेंड्याखाली उभं केलं. शपथ साधी होती. यापुढं माणसावर हात उचलायचा नाही, घरात नाही आणि फाट्यावरही नाही. उचलला तर रुख्मिणी पोरीला घेऊन माहेरी जाईल, आणि तिनं परत यावं म्हणून तांडा तोंड उघडणार नाही.

"घरातलं बराबर हाय, पर फाट्यावर काहून?" देवलानं विचारलं होतं म्हणे.

"फाट्यावर तापलेला तवा तू घरी आणतूस," फुलसिंग म्हणाला होता.

रुख्मिणीबाई परत आली. त्याच आठवड्यात देवला अमृतरावांच्या टपरीवर आला.

"काका, एक पट्टी शिवून द्या. सीटच्या बाजूला, अशी. हात घालून धरता आली पायजे."

"कशाला?"

"धरायला."

अमृतरावांनी रेक्झिनच्या चार पदरांची पट्टी केली, आत ताडपत्रीचा तुकडा घातला, आणि ड्रायव्हरच्या सीटच्या चौकटीला दोरा दुहेरी करून शिवून टाकली. देवलानं ओढून पाहिली. जीप हलली, पट्टी हलली नाही.

मग फाट्याला एक खेळच सापडला. देवला मारत नाही म्हटल्यावर त्याचा नंबर कुणीही मोडू लागलं. त्याच्या सवाऱ्या त्याच्यासमोर उतरवून नेल्या जात. देवला जीपमध्ये बसे, उजवा हात पट्टीत घाले आणि समोरच्या काचेतून बघत राही. मनगटावर वळ उठायचे. अमृतराव सीटवर हात फिरवत तेव्हा त्यांना कळे: त्या साली एकही सरळ चिरा नव्हता, पण पट्टीचे टाके मात्र दर महिन्याला उसवलेले असत. ते काही न बोलता नवे घालून देत.

सगळ्यांत जास्त जीभ सुटली ती शिवहारची. "कसं काय देवलाबाई," तो लांबून ओरडे, "आज सैपाक काय केला?" आणि आपला खाली राहिलेला खांदा उडवून दाखवी.

असं करत पुन्हा दसरा आला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी जीपा धरणाकडं निघाल्या. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन एक-दोन वर्षं झाली असतील. पाऊस चांगला झाला होता, धरण काठोकाठ भरलेलं. चतुराबाई आणि रुख्मिणीबाई मागं शेजारी शेजारी बसल्या होत्या. शीतल आता वयात आलेली, होडीत बसायला लाजणारी. गाडीत सगळे उगाच मोठ्यानं बोलत होते. प्रत्येकाच्या मनात एकच गोष्ट होती: आजचा दिवस निभला पाहिजे.

बागेच्या टोकाला, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांजवळ एक जुना वड होता. सावली मोठी म्हणून शिवहारनं त्याच्याखाली चूल मांडली. रात्री दव पडलेलं, लाकडं ओली, नुसती धुमसत होती. तेव्हा ड्रायव्हर लोक नेहमी करतात तेच त्यानं केलं: जीपमधून जुन्या ट्यूबचा तुकडा आणला आणि चुलीत घातला. रबर भडकन पेटतं, ओलं लाकूडही धरतं. रस्त्यावर चहा करायला सगळे हेच करतात. पण रस्त्यावर डोक्यावर झाड नसतं. या वडाच्या वरच्या फांद्यांना आग्या मोहोळाची पोळी लटकली होती, सुपाएवढी मोठी, काळी. देवलाची जीप तेवढ्यात मागून येऊन थांबली, आणि त्याला ती दिसली.

तो जीपमधून उतरला नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "शिवहार, ट्यूब काढ. वर आग्या हाय."

"तुझ्या बापाची बाग हाय का ही?"

"बाया-लेकरं हायेत रे. काढ."

शिवहार चुलीपासून उठला. जीपपाशी आला. सगळे बघत होते, म्हणूनच आला असावा. त्यानं काही न बोलता देवलाच्या थोबाडीत मारली. देवलाचा उजवा हात पट्टीत गेला. शिवहारनं दुसरी मारली. देवलाचा ओठ फुटला. मागच्या सीटवर रुख्मिणीबाईनं शीतलचा हात धरला आणि ती नवऱ्याच्या मानेकडं बघत राहिली. शेजारी बसलेल्या अमृतरावांना पट्टीचा एकेक टाका तुटताना ऐकू येत होता, टक्, टक्, असा.

"बायकोनं नंदीबैल केला तुझा," शिवहार म्हणाला आणि त्याच्या तोंडावर थुंकला.

देवलानं डाव्या हातानं तोंड पुसलं. "ट्यूब काढ," तो पुन्हा म्हणाला.

तेवढ्यात वडाखालून आवाज आला. आधी लांबून ट्रक यावा तसा, मग डोक्यावर आल्यासारखा. काळा धूर पोळ्यांपर्यंत पोचला होता. ऊन एकदम मळकं झालं आणि माशा खाली आल्या.

पुढचं सगळं अमृतरावांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाया किंचाळत होत्या. एका माणसानं सदरा काढून फेकला आणि उघड्या पाठीवर माशांचा काळा थर बसला. कापायला आणलेला दुसरा बोकड खुंटीला बांधलेला होता. तो उड्या मारत, गळफास घट्ट करत, ओरडत ओरडत आडवा झाला आणि त्याचे डोळे दिसेनासे झाले. पळणारी माणसं एकमेकांना तुडवत होती. कुणी उकळतं पातेलं लवंडलं, कुणाचा पाय भाजला. देवला ओरडत होता, "पडदे पाडा! पडदे पाडा!" जीपच्या हुडाला ताडपत्रीचे पडदे होते, अमृतरावांनीच शिवलेले. देवलानं ते एका बाजूनं खाली ओढले, गुंड्या लावल्या, आत चतुराबाई, रुख्मिणीबाई, शीतल आणि हाताला लागतील ती पोरं कोंबली. बाहेर राहिलेल्या त्याच्या हातांवर, मानेवर, कानांत माशा चिकटल्या होत्या. अमृतराव मात्र घाबरून भलतीकडंच, पाण्याकडं पळाले होते. पायऱ्यांवरून ते गळ्याएवढ्या पाण्यात उतरले आणि एका बदकाच्या होडीच्या आड, दोरी धरून राहिले. श्वासाला डोकं वर काढलं की टाळूवर सुया टोचत.

म्हणून ते त्यांनी पाहिलं, आणि त्यांनीच एकट्यानं पाहिलं.

शिवहारनं पायऱ्यांवरून उडी घेतली ती खोल पाण्यात. त्याला पोहता येत नव्हतं. तो बुडाला, वर आला, बुडाला. पाठोपाठ देवला पाण्यात आला, माशांपासून सुटायला की त्याच्यासाठी, हे अमृतरावांना सांगता येणार नाही. पण तो पोहत त्याच्याकडंच गेला. शिवहारनं त्याला कवळ घातली, दोन्ही हातांनी गळ्याभोवती, दोन्ही पायांनी कमरेभोवती. दोघं खाली गेले. वर आले. देवलाचा चेहरा निळा पडला होता. "सोड," तो म्हणत होता, "सोड, सोड रे," आणि त्याचा उजवा हात पाण्याबाहेर तसाच लटकत राहिला, जसं काही पट्टी शोधत होता. दोघं पुन्हा खाली गेले. या वेळी फार वेळ गेले.

वर आले तेव्हा देवलानं मारलं. मुठीनं, नाकावर. शिवहारचे हात सैल झाले नाहीत. पुन्हा मारलं. नाकाचा चुरा झाल्याचा आवाज अमृतरावांना पाण्यावरून ऐकू आला. मग तिसरा. पाणी लाल झालं. मग देवलानं त्याला केसांना धरून, उताणा ओढत पायऱ्यांपाशी आणला आणि दगडावर टाकला. दोघांच्या डोक्यावर माशा तशाच घोंगावत होत्या.

त्या दिवशी कुणी मेलं नाही, ही नागनाथाची कृपा म्हणायची. दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत. देवलाचं तोंड इतकं सुजलं होतं की शीतलनं त्याला सदऱ्यावरून ओळखलं.

नाकाची पट्टी निघायच्या आतच शिवहार तांड्यावर फुलसिंगकडं गेला. देवलानं मारलं, एवढंच त्यानं सांगितलं. खोटं काहीच नव्हतं.

नसाब बसली ती दुपारी, झेंड्यापाशी. साक्षीला अमृतरावांना बोलावलं होतं. चतुराबाईंनी त्यांचं धोतर स्वतः नीट केलं आणि सांगितलं, "खाली बघून बोलू नका." एवढी माणसं बघून अमृतरावांची नजर पुन्हा पायांकडं गेली. तांड्याची बोली त्यांना समजत नव्हती. म्हणून फुलसिंगनं सगळं बोलणं मराठीत चालवलं.

"मारलं का?"

"मारलं," अमृतराव म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. "पण नसतं मारलं तर दोघं मेले असते. शिवहारनं गळा धरला होता. सोडवायलाच मारलं."

"किती बार?"

"तीन."

"तिन्ही सोडवायला?"

"तिन्ही," अमृतराव म्हणाले. त्यांना तसंच वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत ते नीट बोलले होते, आणि त्यांच्या मनात आलं की झालं, निभलं.

माणसांत कुजबुज झाली. फुलसिंगनं मान डोलावली. तेवढ्यात देवला उठला. सुजलेल्या तोंडानं त्याला बोलणं जड जात होतं.

"काका चांगले हायेत मनून तसं सांगून राहिले," तो म्हणाला. "पयला मारला तो सुटायला. दुसरा बी. तिसरा मारला तवा हात सुटले व्हते त्याचे. मला कळलं व्हतं. तरी मारला. बरं वाटलं मारून."

अमृतराव त्याच्याकडं बघत राहिले. पाण्यात होडीआडून त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि काहीच पाहिलं नव्हतं.

"मला तर एकच ठोसा आठवतोय," शिवहार खालच्या आवाजात म्हणाला. पण ते आता कुणाच्या कामाचं नव्हतं.

"शपथ मोडली," फुलसिंग म्हणाला. "तुझ्याच तोंडानं. रुख्मिणी जायला मोकळी हाय."

रुख्मिणीबाई बायकांत बसली होती. तिनं चांगला कान फुलसिंगकडं केला होता. ती उठली.

"इतकी सालं ह्याचा मार खाल्ला," ती म्हणाली. "दर टायमाला मनायचा, लागलं आसंल, मी मारलं न्हाई. दोष दारावर ढकलायचा, चुलीवर ढकलायचा, समद्यांवर ढकलायचा. आज पयल्यांदा ह्याच्या तोंडून निघालं की मी मारलं, आन् मुद्दाम मारलं." तिनं देवलाकडं पाहिलं नाही. "मी जात न्हाई. पर ती जीप इकायची. फाट्यावर हा राहिला तर पुन्ना हेच. मी ऊस तोडीन, पर फाट्याचं खाणार न्हाई."

"जीप इकली तर मी काय करू?" देवला म्हणाला.

"माझ्यासंगं ऊस तोड. कोयत्याला नंबर नसतो."

आज्यापासून कुणी ना कुणी काही तरी हाकतच आलेलं घर ते. देवलानं झेंड्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

जीप औंढ्याच्या एका माणसानं घेतली. देवला आणि रुख्मिणीबाई टोळीबरोबर ऊसतोडीला गेले ते एका साली, मग दुसऱ्या साली. शीतल मामाकडं राहिली. देवला फाट्यावर पुन्हा आला नाही. काही वर्षांनी बातमी आली की तो गेला. कुणी म्हणालं, उसाची ट्रॉली उलटली. कुणी म्हणालं, टोळीत दोघांची जुंपली होती, तो मधे पडला आणि कोयता लागला. अमृतरावांनी खोदून विचारलं नाही. पुढं एकदा श्रावणात औंढ्याच्या देवळाबाहेर रुख्मिणीबाई चतुराबाईंना भेटली. तिनं फक्त एवढं सांगितलं की शेवटपर्यंत त्यानं तिच्यावर हात उचलला नाही, आणि ती पट्टी त्याच्या खिशात होती.

ती पट्टी अमृतरावांनीच उसवून दिली होती. जीप द्यायच्या आदल्या दिवशी देवला गाडी टपरीवर घेऊन आला. म्हणाला, नव्या मालकाला फाटकं सीट नको. अमृतरावांनी सगळी सीटं शिवली, दुपारी दोघांनी चतुराबाईंनी बांधून दिलेला भाकरी-ठेचा खाल्ला, शेवटी दाभणानं पट्टीचे टाके काढले आणि ती त्याच्या हातात दिली. त्यानं ती घडी करून खिशात घातली. मग टपरी बंद करून झाल्यावर त्यानं त्यांना घरापर्यंत सोडलं. रस्त्याच्या कडेला सोयाबीनची काढणी चालली होती. घरासमोर अमृतराव उतरले आणि त्यांनी नेहमीसारखं दार हळूच ओढलं.

"काका, लागलं न्हाई ते. जोरात ओढा."

अमृतरावांनी पुन्हा ओढलं.

"आता?"

"आता लागलं," देवला म्हणाला. "काकूला सांगा, ठेचा लई तिखट झालता."

"सांगतो," अमृतराव म्हणाले.